टेबल माझ्याकडे

२ फेब्रुवारी, रविवार

आजपासून रोजनिशी. मोठं काम अंगावर घेतलं की त्याची नोंद असावी, नाहीतर श्रेय भलताच माणूस घेऊन जातो. वही कपाटात मफलरच्या खाली ठेवणार. कोणी वाचायचा प्रश्न नाही.

आज मेहुण्याकडे जेवायला होतो. मार्चअखेर तळ्याकाठी तंबू ठोकून एक रात्र राहायचं ठरलं. मेहुणा, सासूबाई, बायको, मुलगी आणि मी. मुलगी एप्रिलमध्ये शिकायला दुसऱ्या शहरात जाणार, हॉस्टेलवर, म्हणून त्याच्या आधी. कामं वाटून घेतली. तंबू, शेगडी, दिवे, गाडी, रस्ता, सगळं मेहुण्याने स्वतःकडे घेतलं. माणूस हावरट आहे. खाणंपिणं बायकोकडे. गाणी मुलीकडे. मी विचारलं, माझ्याकडे काय? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग मेहुणा म्हणाला, भाऊजी, टेबल तुमच्याकडे. फक्त टेबल. बाकी कशात लक्ष घालायचं नाही.

अर्थ उघड आहे. तंबू कोणीही आणतं. टेबलाला माणूस लागतो.

येताना स्कूटरवर बायको मागून सांगत होती की गेल्या वर्षीच्या प्रकारानंतर मेहुणा मला न्यायलाच तयार नव्हता, तिने गयावया केली. या वेळी घोळ घातलास तर पुढे तुला न विचारता जाऊ, असंही म्हणाली. हेल्मेटमुळे नीट ऐकू आलं नाही. सूर मात्र काळजीचा होता.

३ फेब्रुवारी

गेल्या वर्षीच्या प्रकाराबद्दल एकदाच लिहून ठेवतो. ही मंडळी चटई टाकून जमिनीवर जेवायला बसली. मुंग्या आल्या. येणारच. मी आधीच सांगितलं होतं. मग मी गाडीत जाऊन बसलो आणि सगळे आवरून परत निघेपर्यंत हॉर्न वाजवत राहिलो. तत्त्वाचा प्रश्न होता. मुलगी येताना गाडीत रडत होती. मुंगी चावली असणार.

आता मीच का? मी खोक्यांच्या कारखान्यात पॅकिंग टेस्टिंगला आहे. कशात काय बसतं, काय हललं की काय फुटतं, यात उभं आयुष्य गेलं. मेहुणा विमा विकतो. जाऊ दे.

आणखी एक गोष्ट आहे. बायकोला सांगितलेली नाही. मुलगी माझ्याशी फार बोलत नाही. जेवताना फोन, जेवण झालं की खोली. मामाशी मात्र तास तास बोलते, आणि हसते. मी यावर विचार केला. मामामध्ये असं काय आहे? काही नाही. मामाच्या बाल्कनीत एक टेबल आहे आणि त्याच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या आहेत. समोरासमोर बसलं की माणूस बोलतो. आमच्याकडे सोफा आहे, सगळे टीव्हीकडे तोंड करून बसतात.

तळ्याकाठी टेबल. ती त्या बाजूला, मी या बाजूला. हॉस्टेलवर जायच्या आधी एकदा तिच्याशी नीट बोलायचं आहे.

संकल्प: घाई करायची नाही.

५ फेब्रुवारी

नेटवर पाहिलं. पोर्टेबल टेबलांचे तीन प्रकार. एक, पट्ट्यापट्ट्यांचं, चटईसारखं गुंडाळून पिशवीत जाणारं. दोन, मधोमध दुमडून सुटकेससारखं होणारं. तीन, वर ताणलेलं कापड असलेलं. लोकांची मतं वाचली. एका माणसाने लिहिलंय, छान आहे. काय छान आहे? किती वजनाला छान आहे? अशा माणसांना मत द्यायचा अधिकार कसा मिळतो कळत नाही. खाली उत्तर लिहिलं. त्याने मला ब्लॉक केलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

कॅम्पिंगच्या सामानाच्या दुकानात गेलो. मुलगी आपण होऊन म्हणाली, मी पण येते. चांगली सुरुवात.

तिथे तिने पट्ट्यांचं टेबल पिशवीतून काढलं, मला हातही लावू न देता जमिनीवर उभं केलं, एका बाजूला मांडी घालून बसली आणि म्हणाली, बाबा, बस ना समोर. मी बसलो नाही. बसून टेबल तपासता येत नाही. अंगठ्याने कोपरा दाबला. खडखड आवाज. मी सेल्समनला विचारलं की याला किती जोड आहेत हे माहीत आहे का. माहीत नव्हतं. मग मी मोठ्याने एकेक पट्टी मोजून दाखवली. चार लोक जमले. जोड म्हणजे दुखणं, हे मी त्यांना समजावून सांगितलं आणि प्रात्यक्षिक म्हणून टेबल धरून हलवलं. सेल्समनचं बोट पट्ट्यांत सापडलं. हेच मी म्हणत होतो.

वळून पाहतो तर मुलगी बाहेर स्कूटरपाशी उभी. येताना रस्ताभर गप्प होती. ऐकलेलं मनात मुरायला वेळ लागतो.

१० फेब्रुवारी

मुलीने आईला सांगितलं म्हणे की ते गुंडाळायचं टेबल फार गोड होतं. गोड! टेबलाला!

ऑनलाइन दुसरा आणि तिसरा प्रकार मागवला. पसंत न पडल्यास परत करायची सोय आहे. बायको म्हणाली, आधी कुठे ठेवणार ते सांग. मी म्हणालो, तात्पुरतं. ती म्हणाली, तुझं सगळंच तात्पुरतं असतं आणि ते कायम इथेच असतं. बायकोला संशोधनाचं काही कळत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

कापडाच्या टेबलाची घरगुती चाचणी. सासूबाई जेवायला आल्या होत्या. त्यांना कल्पना दिली नाही, कारण कल्पना दिली की माणूस नैसर्गिक वागत नाही. हॉलमध्ये टेबल मांडलं, वर चादर घातली, गरम सूप वाढलं. सासूबाईंनी कोपर टेकलं. कापड खचलं. वाडगा घसरत घसरत त्यांच्या मांडीवर गेला. किती वेळात गेला ते मी घड्याळात पाहत होतो. बायको पाणी आणायला धावली आणि ओरडली की मी तिथे उभा राहून काय करतोय. मी म्हणालो, निरीक्षण.

सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, एकदा सांगून टाका, आमचं काय चुकलं. मला वाटतं विनोदाने म्हणाल्या. मलम लावून झोपवलं त्यांना. मुलगी रात्रभर त्यांच्याजवळ होती.

निष्कर्ष: कापड बाद.

१९ फेब्रुवारी, बुधवार

उरलं सुटकेससारखं टेबल. ते कारखान्यात नेलं. आमच्याकडे कंपनाचं मशीन आहे. खोकं ट्रकमधून जाताना जेवढे हिसके खातं तेवढे ते खोलीत बसल्या बसल्या खातं. वर टेबल ठेवलं. टेबलावर वजन हवं म्हणून एका गिऱ्हाइकाने खोक्यांच्या चाचणीसाठी पाठवलेल्या काचेच्या बरण्या रचल्या. मशीन सुरू केलं. बघता बघता मधला जोड उघडला आणि टेबल पुस्तकासारखं मिटलं.

बरण्या गेल्या. पण निकाल किती स्पष्ट मिळाला! मी आनंदाने एकटाच ओरडलो. तेवढ्यात मॅनेजर आत आली. ही माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी. टेप कशी लावायची ते मी तिला शिकवलं. तिने विचारलं, हे काय आहे. मी म्हणालो, टेबल. तिने विचारलं, कोणाचं. मी म्हणालो, ते महत्त्वाचं नाही. ती म्हणाली, आहे.

२१ फेब्रुवारी

टेस्टिंगच्या खोलीची किल्ली काढून घेतली. उद्यापासून मी परत आलेल्या मालाच्या विभागात. तिथे फुटकं सामान येतं आणि त्यावर चिकटपट्टी लावून शिक्का मारायचा असतो. अनुभवी माणूस लागतोच तिथे. मॅनेजरच्या पोटात दुखतंय हे उघड आहे. घरी सांगितलं नाही. विभाग बदलला एवढंच म्हणालो. बायकोने विचारलं, बढती का? मी हसलो. ती जे समजायचं ते समजली. तिने मान खाली घालून भांडी घासली, म्हणजे समजली असावी.

२३ फेब्रुवारी

आज सकाळी दाढी करताना सगळा विचार लख्ख झाला. पट्ट्यांचं टेबल, जोड. सुटकेस, जोड. माणसं टेबल दुमडायच्या नादात टेबल विसरली. पाय दुमडू देत. पाट, म्हणजे वरची फळी, दुमडता कामा नये. पाट अखंड हवा. एकच, सलग, भक्कम पाट.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मग ते पोर्टेबल कसं? मी म्हणालो, उचललं की पोर्टेबल.

२८ फेब्रुवारी

तारीख पक्की. २९ मार्च, शनिवार. त्याच्या पुढच्या शनिवारी, म्हणजे ५ एप्रिलला, मुलीला हॉस्टेलवर सोडायचं. मेहुण्याच्याच गाडीने. सोडायला आम्ही दोघं आणि मेहुणा. तिची खोली बघायची, पलंग हलवून बघायचा, खिडकीची कडी तपासायची. त्या कामाला मीच लागणार.

बायको आज म्हणाली, तुझ्या कारखान्यातलं एक खोकं उलटं करून ठेवलं तरी आपलं भागेल. खोकं! ज्या माणसाने खोक्यांत हयात घालवली त्याला हे ऐकवायचं? मी ताटावरून उठलो. अर्ध्या तासाने परत बसलो, कारण भूक लागली होती. ताट उचललेलं होतं.

२ मार्च, रविवार

मेहुण्याच्या इमारतीखाली जाऊन गाडीचं माप घेतलं. मेहुणा झोपला होता, सासूबाईंकडून किल्ली घेतली. मागचं दार उघडलं आणि मन भरून आलं. केवढी जागा! मेहुण्याने कोणाचं तरी कपाट हलवलं होतं, त्यामुळे मागच्या सीटा आडव्या पाडलेल्या होत्या. बरंच झालं, मध्ये काही आलं नाही, टेप शेवटपर्यंत सरळ नेता आली. माप दोनदा घेतलं. एवढ्या लांबीचं टेबल अगदी आरामात जाईल.

मेहुणा माप न घेता सामान भरणाऱ्यांपैकी आहे. अशी माणसं मग ऐन वेळी तोंडघशी पडतात.

४ मार्च

मेहुण्याचा फोन. म्हणाला, भाऊजी, टेबल नसलं तरी चालेल हं, आपण निभावून नेऊ. मी फोन ठेवून दिला.

टेबल नसलं तरी चालेल म्हणजे मी नसलो तरी चालेल. मला कळतं. टेबल हे माझं तिकीट आहे. तेव्हा आता एकच मार्ग. या घरातल्या प्रत्येकाला टेबलाशिवाय जाणंच अशक्य वाटलं पाहिजे.

७ मार्च

सासूबाईंपासून सुरुवात केली. फळं घेऊन गेलो. आधी दार उघडेनात. मग गुडघ्यांचा विषय काढला. जमिनीवर बसलात तर उठवणार कोण? मागच्या वर्षी दोघांनी ओढून उठवलं होतं, आठवतं? लोक बघत होते. तळ्याकाठी ओल, ओलीत किडे. मी हळूहळू बोलत गेलो आणि त्यांचा चेहरा हळूहळू पडत गेला. मग टेबलाचं वर्णन केलं. खुर्ची, समोर टेबल, टेबलावर चहा, समोर पाणी. त्या म्हणाल्या, जावईबापू, टेबल नसेल तर मी येत नाही म्हणून सांगते.

एक मत मिळालं.

१५ मार्च, शनिवार

बायकोही आपल्या बाजूने. तिची कंबर धरते. तिला विचारलं, शेगडी जमिनीवर ठेवून ओणवी होऊन सगळ्यांचं करणार आहेस? मागच्या वेळी दोन दिवस पट्टा बांधून फिरत होतीस. ती विचारात पडली. म्हणाली, हो रे, हे माझ्या लक्षातच नव्हतं. इतक्या वर्षांत ती मला 'हो रे' क्वचितच म्हणाली असेल.

मेहुण्याला पत्ते खेळायला सपाट जागा हवी असते. तोही वळला. मुलगी म्हणाली, टेबल असेल तर मजा येईल. सगळी फौज माझ्या मागे. फॅमिली ग्रुपवर टेबलाच्या आवश्यकतेवर सविस्तर मेसेज टाकला. सासूबाईंनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

१८ मार्च, मंगळवार

मिळालं!

हॉटेलांना सामान पुरवणाऱ्या दुकानात. पाट एकसंध. पाय लोखंडी, खालच्या बाजूला दुमडतात, आणि त्यांना आतून लॉक. मी दुकानदारासमोर त्यावर उभा राहिलो. दुकानदारालाही उभं केलं. आम्ही दोघं बराच वेळ उभे होतो. त्याने विचारलं, हॉटेल कुठे आहे तुमचं? मी म्हणालो, तळ्याकाठी.

टेम्पोने घरी आणलं. लिफ्टमध्ये जाईना. जिन्याने वर नेताना शेजाऱ्यांच्या दारावर ओरखडा पडला. त्यांनी दार उघडून पाहिलं, मी म्हणालो आधीचाच आहे. हॉलमध्ये मावलं नाही, म्हणून मुलीच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलं. तिच्या कपाटाचं दार आता अर्धंच उघडतं. ती हॉस्टेलची बॅग भरत होती. तिरकी होऊन, एक हात आत घालून कपडे ओढून काढत होती. कुरकूर केली नाही. नाहीतरी थोडेच दिवस आहे मी इथे, एवढंच म्हणाली.

समजूतदार आहे. माझ्यावर गेली.

२५ मार्च

तिच्याशी काय बोलायचं त्याची तयारी. ती घरात नसताना तिच्या खोलीत जाऊन टेबल उघडलं, पलीकडे तिची उशी उभी केली आणि समोर बसून बोलून पाहिलं. सुरुवात हवापाण्याने करावी असं वाटलं. मग हॉस्टेल. मग एकदम म्हणायचं की तू गेल्यावर घर. इथे अडलो. तू गेल्यावर घर, काय? पुढचं वाक्य जमेना. पुन्हा पुन्हा करून पाहिलं, घसा दुखायला लागला. तिथे समोर ती खरी असेल तेव्हा सुचेल.

तू गेल्यावर मला करमणार नाही, असं वाक्य आहे ते. लिहायला काही हरकत नाही. म्हणायला जड जातं.

२८ मार्च, शुक्रवार

उद्या निघायचं. बॅग भरून दारात ठेवली. नवीन टोपी. मेहुण्याच्या हातात टेबल पडलं की त्याचा चेहरा बघायचा आहे. आज मुलीने आपण होऊन विचारलं, बाबा, तुझी टोपी बघू. घालून दाखवली. हसली. मला बघून हसली की टोपीला, ते नक्की नाही, पण हसली.

२९ मार्च, शनिवार

सकाळी ६.३०. मेहुणा गाडी घेऊन आला. टेबल खाली उतरवलं. तो त्याच्याकडे बघतच राहिला. म्हणाला, भाऊजी, हे काय आहे? कौतुक लपवता येत नाही माणसाला.

७.१५. जरा अडचण. तंबू, शेगडी, गाद्या, डबे आणि खुर्च्या भरल्यावर टेबल मागे जाईना. आडवं केलं, तिरकं केलं. मेहुणा म्हणाला, मागची एक सीट पाडली तर लांबीत जाईल. पाडली. गेलं. पाट अगदी मापात बसला. मी म्हणालोच होतो.

आता झालं असं की मेहुणा चालवणार. शेजारी सासूबाई, त्यांच्या गुडघ्यांना पुढचीच जागा लागते. मागे दोन माणसांची जागा उरली आणि माणसं तीन.

छपरावर बांधू म्हणालो. मेहुणा म्हणाला, वर कॅरियर नाही आणि त्याला काच फोडून घ्यायची नाही. मेहुणा म्हणाला, टेबल ठेवून जाऊ. मी जीव मुठीत धरून ऐकत होतो. सासूबाई आतून म्हणाल्या, टेबल नसेल तर मला इथेच उतरवा. बायको म्हणाली, माझ्या कमरेचं काय? आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, तूच म्हणालास ना, टेबलाशिवाय जाताच येणार नाही म्हणून.

तेव्हा मी म्हणालो, ठीक आहे, टेबल महत्त्वाचं, मी राहतो.

हे म्हणायचं असतं. म्हटलं की समोरचा म्हणतो, छे, छे, असं कसं.

बायको म्हणाली, नक्की ना? मी म्हणालो, अगदी. तिने दुसऱ्यांदा विचारलं असतं तर येतो म्हणालो असतो. मुलगी म्हणाली, बाबा, तू खरंच? मी म्हणालो, अगं, मला काय, कामं पडलीत. मेहुण्याने दार लावलं.

७.४०. कोपऱ्यावरून वळून येतील म्हणून गेटपाशी उभा आहे. बॅग हातातच आहे.

८.२०. वॉचमनने विचारलं, तुम्ही नाही गेलात? मी म्हणालो, मागून जाणार आहे. ही कल्पना खरं म्हणजे चांगली आहे. स्कूटर आहे. पत्ता विचारायला बायकोला फोन लावला. ती म्हणाली, एवढ्या लांब स्कूटरवर? उगाच काही होऊन बसेल, आणि मग आम्हाला सगळं सोडून यावं लागेल. मागे मेहुणा काहीतरी म्हणाला आणि सगळे हसले. सासूबाईही.

१०.००. वर आलो. टोपी काढली.

१२.२०. फोन वाजला. मुलगी! टेबलाच्या पायांचं लॉक कसं उघडायचं? मी सांगितलं. आतल्या बाजूची कडी वर कर, दाबून धर, मग पाय बाहेर ओढ. घाई करू नकोस. तिने केलं. नाही उघडत म्हणाली. मी पुन्हा सांगितलं, शांतपणे, पायरी पायरीने. ती ऐकत होती. तिचा श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, आता म्हणावं. तू गेल्यावर घर. तेवढ्यात ती ओरडली, उघडलं! मामा, उघडलं! आणि फोन कट झाला.

लॉक भक्कम आहे, हे सिद्ध झालं.

संध्याकाळ. मुलीच्या खोलीत गेलो. कपाटाचं दार पूर्ण उघडून पाहिलं. आता उघडतं. आतले कप्पे रिकामे. तिच्या पलंगावर बसून पाव खाल्ला. जरा वाईट वाटलं. जरा नाही. पण चूक कुठे झाली असं विचारलं तर सांगता येणार नाही. माप बरोबर होतं.

३० मार्च, रविवार

दुपारी परत आले. अंगाला धुराचा वास, केस विस्कटलेले, सगळे एकदम बोलत होते. बायको म्हणाली, इतकी मजा कधीच आली नव्हती. मग थांबली आणि म्हणाली, म्हणजे टेबलामुळे. सासूबाईंनी माझा हात हातात घेतला. जावईबापू, टेबल म्हणजे एकदम भक्कम हो, मी सगळा दिवस तिथून हलले नाही. मेहुणाही म्हणाला, मानलं भाऊजी. मी फार बरं वाटून घेतलं. खरंच बरं वाटत होतं.

बायको सांगत होती, मुलगी आणि मामा जेवण झाल्यावर त्या टेबलाशी समोरासमोर बसून किती तरी वेळ बोलत होते. मुलगी रडली पण म्हणे थोडी. घर सोडून जायचं म्हणून. मामाने समजूत काढली. मी विचारलं, काय बोललात? मुलगी म्हणाली, असंच.

मग म्हणाली, बाबा, एक मागू? हे टेबल मला हॉस्टेलवर नेऊ दे. तिथलं टेबल डुगडुगतं असं मैत्रिणीने सांगितलंय. मला हेच हवं.

तिने माझ्याकडे काही मागून किती काळ झाला असेल. मी लगेच हो म्हणालो. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत.

मेहुणा म्हणाला, मग गाडीतून काढतच नाही. शनिवारी तसंच घेऊन जाऊ. सासूबाई म्हणाल्या, मी पण येते, पोरीची खोली डोळ्यांनी बघते एकदा. बायको पिशव्या रिकाम्या करत होती, ती थांबली. माझ्याकडे पाहिलं नाही. मी गाडीतल्या जागा मनात मोजल्या. मेहुणा, सासूबाई, बायको, मुलगी. पुन्हा मोजल्या. मग मी म्हणालो, मी नाहीतरी शनिवारी कामावर आहे. बायको पुन्हा पिशव्या रिकाम्या करायला लागली.

मुलगी जवळ आली. थँक यू म्हणाली. मी विचारलं, लॉक कसं उघडायचं ते लक्षात आहे ना? नाहीतर तिथून कधीही फोन कर, मी सांगेन.

ती म्हणाली, नाही बाबा, आता मला येतं. फोन करावा लागणार नाही.